उडानचं विमान सुटलेलं सगळ्यांनी पाहिलं, टिकलं का ते कोण बघतं?

निमशहरी

गेल्या महिन्यात वडिलांना मुंबईला दाखवायला न्यायचं होतं. डॉक्टरांची वेळ दुपारी एकची. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून सकाळी सरकारी अनुदानावर चालणारं विमान आहे, म्हणून तीन आठवडे आधी तिकिटं काढून ठेवली. आदल्या रात्री पावणेदहाला मोबाइलवर दोन ओळी आल्या: परिचालनाच्या कारणास्तव उड्डाण रद्द, पैसे परत मिळतील. मिळालेही. पण ७४ वर्षांच्या माणसाला रात्रभर बसमध्ये आदळत न्यावं लागलं, ते कुठून परत मिळणार?

जिल्हा आणि कंपनी दोन्हींची नावं मुद्दाम देत नाही. एका कंपनीला झोडपायला हा धागा काढलेला नाही. परत आल्यावर मी विचारपूस केली, तेव्हा खरी मजा सुरू झाली. विमानतळावर म्हणाले, आमच्याकडे धावपट्टी आणि इमारत, विमान आणणं कंपनीचं काम. जिल्ह्याच्या कार्यालयात म्हणाले, केंद्राची योजना आहे, आमच्याकडे फक्त उद्घाटनाचा बंदोबस्त होता. (हे हसत नाही, गंभीरपणे म्हणाले.) पोर्टलवर तक्रार टाकली. बारा दिवसांनी 'निकाली' असा शेरा, कारण पैसे परत मिळालेले आहेत. म्हणजे यंत्रणेच्या लेखी मी एक परतावा होतो.

मग योजनाच वाचायला घेतली. थोडक्यात सांगतो, माहीत असलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणातून प्रादेशिक जोडणी योजना आली, तिचंच नाव उडान. साधारण तासाभराच्या, ५०० किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासाला सुरुवातीला २५०० रुपयांची कमाल मर्यादा ठरली. पण ती विमानातल्या निम्म्या आसनांनाच. ७२ आसनांचं एटीआर जातीचं छोटं विमान असेल तर ३६ आसनं सवलतीची, उरलेल्यांना बाजारभाव. कंपनीचा जो तोटा होतो तो भरून काढायला व्हीजीएफ, म्हणजे तूट भरून काढणारं अनुदान, तीन वर्षांसाठी. ज्याला कमी अनुदान लागेल त्याला मार्ग, असा लिलाव. अनुदानाचा २० टक्के वाटा राज्याचा, ईशान्येकडच्या राज्यांना १० टक्के. बाकीचा पैसा मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवरच्या अधिभारातून येतो. म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा माणूस स्वतःच्या नकळत आमच्या तिकिटाला हातभार लावतो. शिवाय राज्याने दहा वर्षं विमानाच्या इंधनावरचा व्हॅट एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा, जमीन फुकट, पोलीस आणि अग्निशमन फुकट, वीजपाणी सवलतीत. विमानतळ प्राधिकरण उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क घेत नाही.

यातल्या कशालाच माझा विरोध नाही. लहान शहरांना विमान हवंच.

आता कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, २०२३ चा अहवाल. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तगून राहिले फक्त ५४. हे आकडे बाहेर आले २०२३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पहिलं विमान उडाल्यावर सहा वर्षांनी. मधल्या काळात आपण काय ऐकत होतो? 'इतके मार्ग कार्यान्वित.' आजही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये योजनेला आठ वर्षं झाली तेव्हा सरकारी पत्रकात होतं: ६२५ मार्ग, ९० विमानतळ, १ कोटी ४९ लाख प्रवासी. कार्यान्वित झालेला मार्ग या बेरजेत शिरतो. पुढे तो बंद पडला तर वजाबाकी कुठे होते, ते मला सापडलं नाही.

तर प्रश्न असा. एवढ्या सवलती, एवढा पैसा, आणि विमान ठरल्या दिवशी ठरल्या वेळी आलं का हे रोजच्या रोज बघणारा माणूस नेमका कुठल्या कार्यालयात बसतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोदाकाठ

पहिला प्रतिसाद नांदेडकराचा असायलाच हवा. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्यात झेंडा दाखवला, तेव्हा सिमला-दिल्लीच्या जोडीला दोनच मार्ग होते: कडप्पा-हैदराबाद आणि आमचं नांदेड-हैदराबाद. म्हणजे या योजनेच्या बारशाला आम्ही हजर होतो. ट्रूजेटचं एटीआर यायचं. हुजूर साहिबला येणारे भाविक, हैदराबादला दवाखान्यात जाणारे, व्यापारी, गर्दी असायची. २०२२ च्या सुरुवातीला कंपनीच बसली आणि पुढची जवळपास दोन वर्षं विमानतळावर शुकशुकाट. २०२४ मध्ये स्टार एअर आली तेव्हा पुन्हा पेढे वाटले. एकाच शहरात 'विमानसेवा सुरू' ही बातमी दोनदा छापून येते, मधली बंद पडल्याची बातमी आतल्या पानावर.

रिकामटेकडा_३

वाचनखूण साठवली आहे. तपशिलात लिहिल्याबद्दल आभार.

लालपरी

मला एक कळत नाही. निम्म्या तालुक्यांत एसटीची गाडी वेळेवर येत नाही आणि आपण विमानाच्या अनुदानावर देखरेख कशी करावी याची चर्चा करतोय? ३६ आसनांसाठी? त्या पैशात किती बस येतील हा हिशोब कुणी मांडेल का?

निमशहरी

लालपरी, रास्त मुद्दा, पण धागा त्याचा नाही. तरी तुमचंच उदाहरण घेतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. ही सवलत सरकार महामंडळाला भरून देतं. तिथे वाहकाच्या मशीनमधून प्रत्येक सवलतीचं तिकीट वेगळं निघतं, आजीबाईंच्या हातात शून्य रुपयांचं का होईना, तिकीट पडतं. विमानाचं बुकिंग करताना मात्र सवलतीची आसनं किती होती आणि किती उरली, हे मला कधी दिसलेलं नाही. दोन महिने आधी बघा, तीन आठवडे आधी बघा, भाव बाजाराचाच. त्या ३६ मध्ये मी कधी बसलोय का, हेही मला माहीत नाही. एसटीएवढी पारदर्शकता विमानात आली तरी माझी निम्मी तक्रार मिटेल.

लालपरी

हे पटलं. बसचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.

लेखापरी

सरकारी हिशेब तपासण्यात नोकरी गेली (विमानखात्यात नाही), म्हणून थोडं लिहितो.

'कोण बघतं' याचं उत्तर कागदावर आहे. योजना केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयाची. राबवणारी संस्था भारतीय विमानतळ प्राधिकरण. अधिभाराचा आणि राज्यांच्या वाट्याचा पैसा जमा होतो एका विश्वस्त निधीत. कंपनी दावा दाखल करते, प्राधिकरण तपासतं, निधीतून पैसे सुटतात. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालय, सुरक्षिततेचं बघतं. विमान उडण्यालायक आहे का, वैमानिकाच्या ड्युटीचे तास भरले का, हे त्यांचं काम. भाडी ठरवणं त्यांच्याकडे नाही. राज्य सरकार २० टक्के भरतं, पण दाव्याची फाइल त्याच्या टेबलावरून पुढे जात नाही. जिल्हाधिकाऱ्याचा तर या साखळीत कुठेच संबंध येत नाही, तेव्हा तुम्हाला मिळालेलं उत्तर उद्धट असलं तरी खोटं नव्हतं.

आता गोम बघा. अनुदान उडालेल्या फेरीचं मिळतं. तुमच्या वडिलांची फेरी रद्द झाली, त्या फेरीचा दावा लागला नाही, म्हणजे तिजोरीतून एक पैसाही गेला नाही. हिशेबतपासनिसाला आक्षेप घ्यायला जागाच नाही! जिथे जास्त पैसे दिले गेले तिथे लाल शेरा मारायची आम्हाला सवय. जिथे पैसे दिलेच गेले नाहीत, तिथे नुकसान झालं असेल हे आमच्या नमुन्यात बसतच नाही. रद्द झालेलं विमान हिशेबाच्या वहीत बचत म्हणून दिसतं.

पण तीन वर्षं त्या मार्गावर त्या कंपनीची मक्तेदारी असते, हे विसरू नका. अनुदान फेरीगणिक मिळतं, मक्तेदारी मात्र विमान आलं काय नि न आलं काय, चालूच. मला विचाराल तर खरी किमती सवलत ती आहे, आणि तिचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

निमशहरी

लेखापरी काका, 'बचत म्हणून दिसतं' हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मी सहा आठवडे जे शोधत होतो ते हेच.

प्रॉपेलर

विमान दुरुस्तीच्या क्षेत्रात आहे, प्रादेशिक विमानांवर काम केलंय. कंपन्यांची वकिली करत नाही, पण दुसरी बाजू यायला हवी.

'परिचालनाच्या कारणास्तव' या शब्दांमागे शंभरातल्या नव्वद वेळा काय असतं? मोठ्या कंपनीकडे शेकडो विमानं. एक बिघडलं तर दुसरं सरकवता येतं. प्रादेशिक कंपनीकडे विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्येक विमान दिवसाला पाच-सहा शहरं शिवतं. सकाळच्या पहिल्या फेरीला एखादा सेन्सर बोंबलला की दिवसभराची माळ तुटते. सुटा भाग परदेशातून यायचा, तोवर विमान जमिनीवर. भाड्याने घेतलेल्या विमानाचा हप्ता मात्र चालू. तो डॉलरमध्ये असतो.

त्यात आपली छोटी विमानतळं. बऱ्याच ठिकाणी रात्री उतरायची सोय नाही, धुक्यात उतरवणारी यंत्रणा नाही, हवाई नियंत्रण कक्ष ठरावीक तासच चालू. मुंबईहून विमान दीड तास उशिरा निघालं तर तिकडे पोहोचेपर्यंत सूर्य मावळणार, मग फेरी रद्द. आणि मुंबईत वेळेचा स्लॉट मिळणं म्हणजे लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा मिळण्यासारखं. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने छोट्या बीचक्राफ्टने जळगाव-मुंबई सुरू केलं, तेव्हापासून हे दुखणं आहे. ज्या वेळेला प्रवासी मिळतो ती वेळ मिळत नाही, जी मिळते तिला प्रवासी नाही.

तेव्हा देखरेख करायचीच तर विमान का आलं नाही हेही नोंदवा. कंपनीमुळे, हवामानामुळे, की विमानतळच बंद होता म्हणून. सगळं एका 'रद्द'मध्ये कोंबलं तर ज्याची चूक आहे तो सुटतो.

निमशहरी

प्रॉपेलर, मला रात्री पावणेदहाला ही एक ओळ कुणी सांगितली असती तरी चाललं असतं. 'सेन्सर बोंबलला, भाग उद्या येतोय.' माणूस समजून घेतो हो.

प्रॉपेलर

कंपनीचा वकील तसं लिहू देत नाही.

सिद्धेश्वरी

सोलापूरहून. आमच्याकडे धावपट्टी होती, लोक होते, विमान नव्हतं, कारण होटगी रस्त्याच्या विमानतळाजवळ साखर कारखान्याची चिमणी. किती वर्षं तो वाद चालला! कोर्टकचेऱ्या, मोर्चे, एकीकडे सभासद शेतकरी, दुसरीकडे विमानसेवा हवी असणारे. शेवटी १५ जून २०२३ ला चिमणी पाडली. त्यानंतरही पहिलं नियमित विमान यायला २०२५ उजाडलं. आधी गोवा, मग ऑक्टोबरात मुंबई. मुंबईसाठी तर राज्य सरकारने स्वतःच्या खिशातून तूट भरायचं ठरवलं, उडानची वाट न बघता.

म्हणून मला धाग्यातला प्रश्न आणखी टोकदार वाटतो. केंद्राच्या योजनेला कॅग आहे, संसदेत प्रश्न विचारला जातो, स्थायी समिती आहे. राज्याने वेगळं अनुदान दिलं की ते कुठल्या चौकटीत तपासायचं? ज्यांच्या उसाचा प्रश्न होता त्यांनी किंमत मोजली आहे. आता विमान मधेच बंद पडलं तर त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं?

विदर्भवाला_जुना

सिद्धेश्वरी ताई, राज्याचा मुद्दा बरोबर. त्यात आणखी एक पदर घाला. नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ २००९ साली दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीला दिले होते. औद्योगिक विकास महामंडळाची जागा, खाजगी कंपनीचा ताबा, राज्याची विमानतळ विकास कंपनी वेगळीच, प्राधिकरण आणखी वेगळं. यवतमाळात गवत वाढलं तर ते कुणी कापायचं यावर किती पत्रव्यवहार झाला असेल, कल्पना करा. देखरेखीची गोष्ट करताय, आधी मालक कोण ते तरी ठरवा!

आमच्या अमरावतीला १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून पहिलं प्रवासी विमान उडालं. मीही गेलो होतो बघायला, खोटं कशाला बोलू. अंगावर काटा आला. पण नव्याचे नऊ दिवस संपल्यावर बघायला जाणारं कुणी उरत नाही.

अवांतर: वायुदूत आठवतं का कुणाला? २६ जानेवारी १९८१ ला सुरू झालं, ईशान्येसाठी म्हणून. मग ज्याच्या त्याच्या मतदारसंघात जायला लागलं. तोटा इतका साचला की १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गुंडाळलं. ती सगळी सरकारी कंपनी होती, तरी देखरेख नव्हती. आता खाजगी आहेत तरी नाही.

सातासमुद्रापार

अमेरिकेत राहतो, लहान गावात. इथलं थोडं सांगतो, 'तिकडे सगळं छान' असा सूर लावणार नाही.

१९७८ मध्ये इथे विमान कंपन्यांवरचं नियंत्रण उठवलं, तेव्हा लहान गावांची विमानं बंद पडतील म्हणून 'अत्यावश्यक विमानसेवा' नावाचा कार्यक्रम आला. दहा वर्षांसाठी होता. १९९६ मध्ये तो कायमचा झाला! तुमच्या तीन वर्षांच्या मुदतीकडे बघून हसणारे खूप असतील, पण मुदतच नसली की काय होतं तेही बघा. काही ठिकाणी विमानात मोजकी डोकी आणि अनुदान दणदणीत. म्हणून मग अट आली: मोठ्या विमानतळापासून २१० मैलांच्या आत असाल तर दर प्रवाशामागे २०० डॉलरच्या वर अनुदान जाता कामा नये.

पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, कंत्राट बहुधा दोन वर्षांचं, आणि ते देताना परिवहन विभाग त्या गावाचं मत मागवतो. कुठल्या कंपन्यांनी किती मागितले, गावाने काय लिहिलं, शेवटी कुणाला का दिलं, सगळं उघड फाइलीत, घरबसल्या वाचता येतं. दोन, कंपनीला सोडून जायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, आणि तोवर दुसरी कंपनी मिळाली नाही तर सरकार तिला थांबवून ठेवू शकतं. युरोपातही सार्वजनिक सेवेच्या बंधनाखाली असेच मार्ग देतात, एका वेळी साधारणपणे जास्तीत जास्त चार वर्षं, आणि निविदा अधिकृत राजपत्रात छापावी लागते.

गोदाकाठ

थांबवून ठेवणार कसं? आमची कंपनी पैसे संपले म्हणून बंद पडली. ज्याच्याकडे पगाराला पैसे नाहीत त्याला सरकार नोटीस देऊन काय उडवणार, पतंग?

सातासमुद्रापार

बरोबर आहे. बुडणाऱ्या कंपनीला कुठलाच नियम थांबवत नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या जुलैत रेक्स नावाची प्रादेशिक कंपनी प्रशासकाच्या हाती गेली, तेव्हा सरकारला कर्ज देऊन लहान गावांची विमानं चालू ठेवावी लागली. नोटिशीचा नियम उपयोगी पडतो तो धडधाकट कंपनी जास्त नफ्याच्या मार्गावर विमान पळवते तेव्हा. आणि माझ्या अंदाजाने तुमच्याकडे तेच जास्त होत असेल.

बोचरा_काटा

सरळ उपाय: सगळे मार्ग सरकारी कंपनीला द्या. प्रश्न मिटला.

लेखापरी

बोचरा काटा, प्रश्न मिटत नाही, तो घरातल्या घरात राहतो. अलायन्स एअर आजही केंद्र सरकारची आहे. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ही त्यात नव्हती, सरकारकडेच राहिली. म्हणजे धोरण ठरवणार मंत्रालय, दावे तपासणार त्याच मंत्रालयाखालचं प्राधिकरण, आणि दावा करणारी कंपनीही सरकारची. तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो. त्या कंपनीतली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दुर्गम ठिकाणी, जिथे खाजगी कंपन्या फिरकत नाहीत, तिथे तीच जाते, हेही खरं. पण दंड ठोठावायची वेळ आली तर उजव्या खिशातून डाव्या खिशात, एवढंच.

चौकशी_ताई

माहिती अधिकाराचे अर्ज लिहून लिहून हाताला घट्टे पडलेत माझ्या. सगळे इतकं छान लिहिताय, आता कामाचं बोलू?

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) काढा. त्यात सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून काय काय जाहीर करायचं याची यादी आहे. बारावा मुद्दा वाचा: अनुदान कार्यक्रम कसे राबवले जातात, त्यांना किती रक्कम दिली, लाभार्थी कोण. मागितल्यावर द्यायची माहिती नाही ही, न मागता जाहीर करायची. आणि उडानमध्ये अनुदानाचा लाभार्थी म्हणून पैसे कुणाच्या खात्यात जातात? विमान कंपनीच्या. घरकुल योजनेत गावातल्या माणसाचं नाव, रक्कम, हप्ता, सगळं यादीत दिसतं. मग मार्गनिहाय, महिनानिहाय कंपनीचं का नको?

निमशहरी दादा, तुम्ही दहा रुपयांचा अर्ज टाका. प्राधिकरणाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. मोघम विचारू नका, 'देखरेख कशी होते' असं विचारलंत तर योजनेची प्रत पाठवतील आणि हात झटकतील. 'का' हा शब्द अर्जात कुठेही नको. कारण विचारलं की 'ही माहिती नाही, मत आहे' म्हणून परत पाठवतात. जे कागदावर आहे तेच मागा.

राज्याच्या २० टक्क्यांसाठी दुसरा अर्ज, राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाला, विमानचालनाचा विषय तिकडे येतो.

लालपरी

ताई, माझ्या बससाठी पण एक अर्ज लिहून द्या.

चौकशी_ताई

वेगळा धागा काढा, देते.

निमशहरी

काल रात्री बसून मसुदा केला. कृपया बघा:

"आमच्या विमानतळावरील उडान मार्गाबाबत, मार्ग सुरू झाल्यापासून आजपर्यंत, महिनावार: (अ) रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या, (आ) रद्द होण्याची नोंदवलेली कारणं, (इ) कंपनीने दाखल केलेला व्हीजीएफ दावा आणि मंजूर रक्कम, (ई) सवलतीची आसनं किती उपलब्ध केली आणि किती विकली."

प्रॉपेलर

(आ) मध्ये 'नोंदवलेली' घातलंत ते बरं केलंत. विमानतळ बंद असण्याचे तासही मागा. हवाई नियंत्रण कक्षाची वेळ आणि ती वाढवून मागितलेली पत्रं. त्यावरून कळेल कोण कुणासाठी थांबलं होतं.

लेखापरी

मसुदा चांगला आहे. (अ) मात्र बदला. 'रद्द' असं विचारलंत तर फसाल. कंपनीने पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आधीच कमी करून घेतलं असेल, आठवड्याला पाचच्या जागी तीन, तर त्या दोन फेऱ्या रद्द धरल्याच जात नाहीत. त्या कधी नव्हत्याच असं होतं. म्हणून तीन रकाने मागा: लिलावात कबूल केलेल्या फेऱ्या, त्या महिन्याच्या मंजूर वेळापत्रकातल्या फेऱ्या, प्रत्यक्ष उडालेल्या फेऱ्या. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक जास्त बोलका निघेल, तिसऱ्यापेक्षाही.

आणि मक्तेदारीची मुदत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तेही एका ओळीत विचारून घ्या. मुदत संपली असेल तर तुमचे खासदार दुसऱ्या कंपनीला बोलवायला मोकळे आहेत, आणि त्यांना ते माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

निमशहरी

तिन्ही रकाने घातले, मुदतीची ओळही घातली. 'रद्द' शब्द काढून टाकला. उद्या पोस्टात टाकतो. वडिलांची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे, त्याची रेल्वेची तिकिटं आजच काढली.